चहाचं बेसन

नर्सिंगच्या मुली सिरिंजने इंजेक्शन द्यायला शिकत होत्या, तेव्हा मी त्याच सिरिंजमधून वरण सोडत होते. सुई काढलेली, खालच्या तोंडाला बोट लावलेलं, वर काठोकाठ वरण. बोट काढायचं आणि घड्याळ धरून बघायचं, किती खाली गळतं आणि किती आत राहतं. वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात माझी आहारतज्ज्ञाची इंटर्नशिप चालू होती. ज्यांना नीट गिळता येत नाही अशा पेशंटचं अन्न किती दाट हवं, हे तपासायची ही पद्धत. मला ती इतकी आवडली की होस्टेलवर मी ताक सोडून बघितलं, चहा सोडून बघितला, शेवटी शॅम्पूसुद्धा सोडून बघितला. रूममेटने विचारलं, "शॅम्पू कोणत्या वॉर्डला जातोय?" मी तिला सगळं समजावून सांगायला लागले, तर ती कानात हेडफोन घालून मोकळी झाली.

हा माझा स्वभावच आहे. एखादी गोष्ट कळली की ती दुसऱ्याला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. आमच्या नाचणगावात आई सगळ्यांना सांगायची, "दवाखान्यात जेवनाची डॉक्टर होऊन राह्यली पोरगी." त्यावर शेजारच्या आजी म्हणाल्या होत्या, "जेवाले डॉक्टर कायले लागते व?" मी त्यांना उभ्याउभ्या अर्धा तास सांगितलं. पुढच्या वेळी मी गल्लीत दिसले की त्या आत जायच्या.

दवाखान्यात आमच्या आहार विभागाच्या प्रमुख मॅडम होत्या. मूळच्या कोकणातल्या, लग्न करून इकडे आलेल्या, आवाज हळू आणि नजर कडक. त्यांचा एकच नियम होता: पेशंटला जे देणार ते आधी स्वतः खायचं. बिनमिठाचं वरण असो, नळीतून द्यायचं मिश्रण असो, चमचा घ्यायचा आणि मॅडमसमोर गिळायचं. पहिल्या दिवशी नळीतलं मिश्रण चाखून माझं तोंड इतकं वाकडं झालं की मॅडम म्हणाल्या, "आता तरी पेशंट का चिडतात ते कळलं ना? चला, कामाला लागा." मी खरंच आनंदाने कामाला लागले. मला रोज सकाळी उठून तिथे जायची घाई असायची.

आणि मग मला काका मिळाले. सेलूचे कापड दुकानदार. लकवा मारला होता, उजवा हात सैल पडला होता, बोलणं अडखळत होतं, आणि घसा नीट काम करत नव्हता. नाकातून नळी घातलेली. एकदा चुकीच्या वाटेने अन्न गेल्यामुळे छातीत जंतुसंसर्ग होऊन ते मरता मरता वाचले होते. आता थोडं थोडं दाट अन्न चमच्याने द्यायला गिळण्याच्या थेरपिस्टने परवानगी दिली होती, आणि ते अन्न ठरवायचं, करून घ्यायचं आणि काकूंना भरवायला शिकवायचं काम मॅडमनी माझ्यावर सोपवलं. माझी स्वतःची, एकटीची पहिली केस. मी जिना दोन दोन पायऱ्या ओलांडत चढले.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. नाकातली नळी अशी फार काळ ठेवता येत नाही. पुढच्या आठवड्यात गिळण्याची तपासणी होईल. त्यात ते पास झाले तर नळी निघेल आणि ते तोंडाने जेवत घरी जातील. नाहीतर पोटाला छिद्र पाडून तिथून नळी बसवावी लागेल. काकांना हे सगळं समजत होतं. त्यांनी काकूंना खुणेने, तुटक शब्दांत सांगितलं होतं आणि काकूंनी ते मला नीट करून सांगितलं, "म्हनते, पोटात नळी घेऊन दुकानात कोन बसते. त्यापेक्षा मले इथंच राहू दे." काका माझ्याकडे बघून मान हलवत होते. चेष्टेचा भाग त्यात काहीच नव्हता.

मी काकूंना पहिल्या दिवशी विचारलं, "भरवताना ठसका लागतो का?"

"नाई जी," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात काका पहिल्या घासालाच खोकले. चांगला ठसका. डोळ्यांत पाणी आलं, चेहरा लाल झाला. मी धावले. काकू त्यांच्या पाठीवरून शांतपणे हात फिरवत होत्या.

"काकू, हाच तर ठसका."

"हे होय? हे तं आमची पोरगी आठवन काढून राह्यली. नागपूरले दिली ना तिले. दिवसभर बाबा, बाबा करते."

मला हसू आलं आणि लगेच धडकीही भरली. ठसका लागला की कोणीतरी आठवण काढतंय, हे मीही लहानपणापासून ऐकलेलं. आमच्या घरी तर ठसका लागलेल्याने एकेकाचं नाव घ्यायचं आणि ज्या नावाला थांबेल तो आठवण काढणारा, असा खेळच होता. म्हणजे काकूंच्या सांगण्यावरून वॉर्डच्या कागदावर 'ठसका नाही' असं लिहिलं गेलं होतं, आणि इकडे ही बाई प्रत्येक ठसक्याला लेकीची माया समजून मनातल्या मनात सुखावत होती.

मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांना घशातल्या दोन वाटा समजावल्या, एक पोटाकडे जाणारी, एक छातीकडे. लकव्यामुळे मधलं दार वेळेवर बंद होत नाही. पातळ पदार्थ भरकन येतो, दार लागायच्या आत छातीकडच्या वाटेत घुसतो, आणि शरीर त्याला ठसका देऊन हाकलतं. काकू एकटक ऐकत होत्या. मग त्यांनी वाटीकडे बघितलं. त्या वाटीत त्यांनी गरम पाणी घातलं होतं. आमच्या स्वयंपाकघरातून दाट करून पाठवलेलं वरण त्यांनी सैल करून टाकलं होतं, कारण आजाऱ्याला घट्ट जड जातं, पातळ हलकं पडतं, असं त्यांना वाटत होतं. त्यांना काय, मलाही ताप आल्यावर आईने पातळच दिलेलं आहे.

"पातळ नाही द्यायचं," मी सांगितलं, "मधासारखं दाट असू द्या." आमच्या पुस्तकात दाटपणा असाच समजावलेला होता, आणि मला तो शब्द फार सोपा वाटला होता.

काकू उठून बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि त्यांनी फोन लावला. मी दारातच होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं. "हे पाह्य, तू बाबाची आठवन काढत नको जाऊ आता. नाई, नाई, बरे आहे. पन ठसका त्याईले चालत नाई. डाक्टरनं मना केलं."

मी दोन वाटांवर घसा फोडून सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं, मान्यही केलं होतं, आणि तरीही त्यांना धोका पत्करायचा नव्हता. मला आधी जोरात हसायला आलं. मग ती नागपूरची मुलगी डोळ्यांसमोर आली, बापाची आठवण येऊ न देण्याचा प्रयत्न करत भाजी चिरणारी.

दुसऱ्या दिवशी परत ठसके. संध्याकाळी काकांना कणकण आली. डॉक्टरांनी छाती तपासली, संसर्ग नव्हता, पण त्यांनी मला सांगितलं, आता परत ताप आला तर तपासणीची वाट बघणार नाही, सरळ पोटातून नळी. मी वॉर्डात गेले, वाटी बघितली. वरण परत पातळ. चमच्यातून त्याची सरळ धार लागत होती.

माझा आवाज चढला. "काकू, मधासारखं म्हटलं होतं ना मी?"

"मंग मधासारखंच तं आहे," काकूही काही कमी नव्हत्या. "बोरच्या जंगलाकडून तो मधवाला येते, त्याच्या मधाची धार पाह्य कशी लागते. तसंच केलं मी. तू म्हनलं तसंच केलं."

त्यांचं खरं होतं. जंगलातलं ताजं मध पातळच असतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या देशात मध कसं असतं कोणास ठाऊक, पण सेलूच्या घरात ते धार लागणारं होतं. मला पुस्तकाचा राग आला, मधाचा आला, मधवाल्याचाही आला. मॅडमकडे जाऊन मी बडबडबडबड केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुला सिरिंज कळली. त्यांना काय कळतं ते शोधून आण."

तो शनिवार होता. भरवण्यावर लक्ष ठेवायचं काम रविवारपुरतं वॉर्डातल्या सिस्टरकडे देऊन मी घरी गेले. रविवारी सकाळी बाबा बुद्धवंदना आटोपून पेपर वाचत बसले होते, आई चुलीशी होती, म्हणजे गॅसशी, पण आमच्याकडे अजून चूलच म्हणतात. मी मात्र कपाळाला आठ्या घालून बसले होते. दाट. घट्ट. सरसरीत. शिऱ्यासारखं? नाही, शिरा फार कोरडा. दह्यासारखं? कोणाचं दही, उन्हाळ्यातलं की थंडीतलं?

आईने आतून विचारलं, "बेसन कसं करू? पातळ करू का घोटून करू?"

आमच्याकडे पिठल्याला बेसनच म्हणतात, आणि हा प्रश्न आमच्या घरात मी जन्मल्यापासून विचारला जातो. बाबांना भातावर ओतायला पातळ लागतं. मला घोटलेलं, पोळीने उचलता येणारं. आत्या आली की कोरडं होतं. यावर आमच्याकडे भांडणं होतात, पण पातळ म्हणजे किती पातळ आणि घोटलेलं म्हणजे किती घोटलेलं, याबद्दल आजवर कोणाचाही कधीही गैरसमज झालेला नाही. आईला सिरिंज लागत नाही. तिच्या हातातली पळी वाकडी झाली की तिला कळतं.

मी ओरडत स्वयंपाकघरात घुसले. "तिन्ही कर आई, तिन्ही."

"काऊन? कोन येऊन राह्यलं?"

"कोणी नाई. मी सांगतो तुले, आधी कर."

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. दवाखान्यात मी ते कटाक्षाने टाळायचे. मॅडमसमोर, तोंडी परीक्षेत, वॉर्डातसुद्धा माझी भाषा पुस्तकातली झाली होती. घरी आले की दाराबाहेर चपलांशेजारी ती भाषा निघायची.

तीन पातेली झाली. मी बॅगेतून सिरिंज काढली. पातळ बेसन भरकन खाली आलं. कोरडं आत जाईचना. घोटलेलं मात्र सिरिंजमध्ये तसंच बसून राहिलं, तोंडाशी एक थेंब धरून. मग चमचा वाकडा केला, तर सबंध घास एका तुकड्याने थप्पकन ताटात पडला आणि चमच्याला फार काही चिकटून राहिलं नाही. आमच्या पुस्तकात चमच्याची जी परीक्षा आहे, ती जशीच्या तशी. मी नाचले. खरंच नाचले, हातात पळी घेऊन. बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "डोक्यावर परिनाम झाला का हिच्या?" त्या दिवशी त्यांना दोन्ही वेळा बेसनच जेवावं लागलं, आणि कोरडंही त्यांनाच संपवावं लागलं.

सोमवारी मी गावाजवळच्या पुलगावहून सकाळच्या गाडीने तीन डबे घेऊन निघाले. बेसन गार झालं की घट्ट होतं, हे मला माहीत होतं, म्हणून दवाखान्याच्या स्वयंपाकघरात गरम करून, चमच्याने तपासून, मॅडमना चाखवून मगच वर नेलं. मॅडमनी घोटलेलं दोनदा चाखलं. दुसरा चमचा तपासणीसाठी नव्हता, ते त्यांना आवडलं होतं.

काकूंसमोर तीन वाट्या मांडल्या. या वेळी मी घरची भाषा वॉर्डाच्या दाराबाहेर काढून ठेवली नाही.

"काकू, हे पाहा. काकाले यातलं कोनतं चालते, सांगा बरं."

काकूंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग पहिल्या वाटीत चमचा घातला, उचलला, धार बघितली. "हे तं पातळ आहे. ठसका लागन." तिसरी बघितली. "हे घशात बसन." मधली वाटी उचलली, चमचा वाकडा केला, थप्पकन पडलेला घास बघितला. "हे. घोटलेलं."

"तेच. वरन असो, खीर असो, दही असो, सगळं घोटलेल्या बेसनावानी. आनि पातळ झालं तं द्यायचं नाई."

काकूंनी मधली वाटी स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाल्या, "मंग तसं सांगाचं ना पोरी. मध काऊन म्हनलं?"

 पलीकडे काका हसत होते, एका बाजूने, पण हसत होते.

त्यानंतरचे दिवस मी कसे घालवले ते विचारू नका. मी अक्षरशः तरंगत होते. मुगाचं वरण घोटून, तांदळाची खीर घोटून, ज्वारीच्या पिठाची आंबील घोटून. काकू प्रत्येक वाटी आधी चमच्यावर तपासायच्या आणि एकदा तर आमच्या स्वयंपाकघरातून आलेली वाटी त्यांनी परत पाठवली, "हे पातळ हाय" म्हणून. मी सिरिंज लावून बघितली, तर खरंच पातळ होती. मॅडमनी काकांच्या खाटेवरच्या पाटीवर दाटपणाचा नेहमीचा आकडा लिहिला आणि त्याखाली स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं: घोटलेलं बेसन. ताप आला नाही. काका पोटभर जेवायला लागले, आणि नळीतून द्यायचं मिश्रण हळूहळू कमी करत आणलं.

फक्त एक गोष्ट त्यांना हवी होती, चहा. दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला चहा पाजणारा हा माणूस, आणि आता महिनाभर चहाचा घोट नाही. तो शब्द मात्र ते अगदी स्पष्ट म्हणायचे. चहा पातळ, त्यामुळे बंद. पण थेरपिस्ट म्हणाला, तपासणी कशावर घ्यायची ते तुम्ही ठरवा, दाटपणा बरोबर असला म्हणजे झालं. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "आधी तू खायचा."

मग आमच्या स्वयंपाकघरात चहाचे प्रयोग सुरू झाले. कॉर्नफ्लॉर घालून चहा शिजवायचा. आधी गुठळ्या झाल्या. मग झाला गोंद. मग गरम असताना बरोबर आणि जरा निवला की घट्ट गोळा. मी प्रत्येक प्रयोग चमच्याने खाल्ला आणि आजही दाट चहाची चव आठवली की नको नको होतं. पण शेवटी एकदा चमचा वाकडा केला आणि घास थप्पकन पडला, रंग चहाचा, वास आल्याचा. "चहाचं बेसन," मी जाहीर केलं. मॅडम हसल्या. त्या पूर्ण हसतात तेव्हा कशा दिसतात, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

तपासणीच्या दिवशी काकांना खाटेवर ताठ बसवलं. थेरपिस्ट समोर, डॉक्टर पायाशी, मॅडम खिडकीजवळ, मी वाटी धरून. वाटी काकूंनी माझ्याकडून घेतली. भरवायचंही त्यांनीच ठरलं, कारण घरी त्याच भरवणार होत्या. थेरपिस्टने काकांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. पहिला चमचा. गळ्याचा उंचवटा वर गेला, खाली आला. आम्ही वाट बघितली. काही नाही. दुसरा चमचा. तिसरा. वॉर्डात पंख्याचा तेवढा आवाज. काकू प्रत्येक चमचा वाकडा करून बघायच्या, मग भरवायच्या. वाटी संपली.

ठसका लागला नव्हता.

आता शेवटचं राहिलं होतं. गिळल्यावर पेशंटला बोलायला लावतात. घशात काही अडकून राहिलं असेल तर आवाज ओला, गुळगुळीत येतो. सगळं नीट गेलं असेल तर कोरडा. थेरपिस्ट म्हणाला, "काका, काहीतरी बोला."

काकांनी ओठ चाटले. जरा विचार केला. मग अडखळत, पण खणखणीत कोरड्या आवाजात म्हणाले, "साखर कमी हाय."

डॉक्टर, थेरपिस्ट, मॅडम, आम्ही सगळे आवाज ऐकत होतो. शब्द फक्त काकूंनी ऐकले. "घरी गेल्यावर घालून देतो," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी सिस्टरकडे बघून मान हलवली. सिस्टरने नाकावरची चिकटपट्टी सोडवली आणि नळी अलगद बाहेर ओढून घेतली. काकांनी डाव्या हाताने नाक चोळलं, पुन्हा पुन्हा चोळलं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

काकू व्हरांड्यात गेल्या होत्या. फोन लागला होता आणि पलीकडून मुलगी घाबरून काहीतरी विचारत असावी, कारण काकू तिला दोनदा म्हणाल्या, ऐक तं, ऐक तं.

"नळी काढली बाबाची," त्या म्हणाल्या. "आता काढ आठवन. किती काढाची तितकी काढ."